चार पेडांची वेणी

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावात, एका शाळेच्या हॉलमध्ये मी महिन्यातून एकदा कॉन्ट्रा डान्स शिकवते. समोरासमोर दोन रांगा, त्यात दोन-दोन जोड्यांचे गट, आणि पुढे काय करायचं ते मी माइकवर सांगते. प्रत्येक फेरीनंतर जोड्या सरकतात आणि समोर नवी जोडी येते. म्हणजे रांगेत उभं राहिलं की सगळ्यांशी गाठ पडणारच. इथेच माझं घोडं अडलं होतं.

या वेळी नवख्यांना ‘हे’ (इंग्रजीतलं hey) नावाची हालचाल शिकवायची होती. चौघांनी एकमेकांच्या खांद्यालगत सरकत, हात न लावता, चार पेडांची वेणी घालायची. पहिल्यांदा गोंधळ होतोच. म्हणून डान्स असा निवडायचा, की बाकी सगळं लोकांना येत असेल आणि वेणीनंतर लगेच समोरच्या जोडीतल्या माणसाबरोबर गिरकी असेल. वाट चुकलेल्याला कुणीतरी धरून जागेवर आणतं.

पण देवयानी आणि विक्रांत, दोघांनीही वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर नाव दिलेलं. गेल्या हिवाळ्यात घटस्फोट झाल्यापासून दोघांत एक शब्द नाही. आमच्या मराठी मंडळींनी तर त्यांची वाटणीच करून टाकली होती: हळदीकुंकवाला ती, क्रिकेट बघायला तो.

मग मी जास्तीचा शहाणपणा केला आणि दोघांना एकमेकांचा हात धरावा लागू नये म्हणून गिरकी नसलेला डान्स निवडला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. वेणीत हरवलेले शेवटपर्यंत हरवलेलेच राहिले. एक आजोबा तर पलीकडच्या गटात जाऊन हसत उभे होते. मी वैतागून म्युझिक बंद केलं.

देवयानी तरातरा माझ्याकडे आली. “नीला, वेणीनंतर गिरकी का नाहीये?”

“हा डान्सच असा आहे.”

“मला नको सांगूस. तुम्ही सगळे मला सांभाळता सांभाळता घरी बसवताय. आपल्या सुरुचीच्या बाळाचं बारसं झालं, मला फोटोंवरून कळलं. इथेही तेच करणार असशील तर मी आत्ताच निघते, परत येणार नाही.”

मला तिचा भयंकर राग आला, कारण ती खरं बोलत होती.

मी डान्स बदलला. वेणी, मग गिरकी. दोन-तीन फेऱ्यांत सगळ्यांना जमायलाही लागलं. मग सरकत सरकत ती दोघं एका गटात आली, आणि विक्रांत मुकाट्याने रांगेतून बाहेर पडून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. चारातला एक पेडच गेला, वेणी कसली होतेय? मागचे पुढच्यांवर आदळायला लागले. मी पुन्हा म्युझिक थांबवलं.

देवयानी जागची हलली नाही. फक्त मान वळवून म्हणाली, “विक्रांत, ये. लोक खोळंबलेत.”

तो आला.

मी म्युझिक लावलं. दोघं एकमेकांच्या खांद्यालगत सरकून गेली, फिरून समोरासमोर आली. त्याने हात पुढे केला, तिने धरला, आणि दोघं गिरकी घ्यायला लागली. एकमेकांकडे बघत, कारण गिरकीत खाली बघितलं की भोवळ येते, हे मीच शिकवलेलं. विक्रांतचे डोळे भरले होते. माझेही भरले, आणि मी पुढचं सांगायलाच विसरले. अख्खा हॉल आपला गरगर फिरतोय.

“नीला, पुढे काय?” देवयानी ओरडली.

“सोडा,” मी म्हटलं. “आपापल्या जोडीदाराकडे जा आणि पुढे सरका.”

दोघांनी हात सोडले आणि ती आपापल्या जोडीदाराबरोबर वेगवेगळ्या दिशांना सरकली.