दाराआडची चिऊ

आमच्या घरात आई म्हणजे चिऊ आणि बाबा म्हणजे काऊ. दोघं शाळाशाळांतून बाहुल्यांचा खेळ करायची. गोष्ट सगळ्यांना पाठ असलेलीच: काऊचं घर पावसात वाहून जातं, तो चिऊचं दार ठोठावतो आणि ती बया एकेक निमित्त काढून त्याला भिजत ठेवते. बाबांना ते सोसायचं नाही. "अगं, शेजारधर्म म्हणून काही असतं की नाही?" म्हणून आमच्या खेळात चिऊ पहिल्याच टकटकीला दार उघडायची. "मग गोष्ट काय उरली, तुमचं कपाळ?" आई करवादायची, पण उघडायची.

आता बाबा स्मरण गेलेल्यांच्या निवासात असतात. मला ते कधीच विसरले. माझं रडून झालं. आई मात्र इरेला पेटली होती. एकदा, फक्त एकदा त्यांनी आपल्याला ओळखावं, एवढंच तिचं मागणं. रोज काऊची बाहुली हातात घालून त्यांच्या खोलीचं दार वाजवायची. आतून हूं नाही की चूं नाही.

"आई, तू उलटं करतेयस," शेवटी मी वैतागून म्हणाले. "ठोठावणं बाबांचं काम. तू आत बस."

मी बाबांना हाताला धरून बाहेर आणलं. आई आत गेली, दार लावलं. बाबा दाराकडे बघत राहिले. मग त्यांचं बोट वाकलं. दोनदा टकटक, जरा थांबून आणखी एकदा. अगदी खेळातल्यासारखं.

"कोण आहे?" आतून चिऊचा किनरा आवाज.

"मी काऊ! भिजलोय गं चिऊ, दार उघड!"

त्यांचा चेहरा असा उजळला की मला हुंदका आवरेना. आईनं घाईघाईनं दार उघडलं. पिकले केस, गालांवर पाणी. बाबा दचकून मागे सरले. तिच्या खांद्यावरून खोलीत डोकावत अदबीनं म्हणाले, "माफ करा हं आजी, चिऊ आहे का घरात?"

आई आता मटकन खाली बसणार, असं मला वाटलं. ती बसली नाही.

"आहे ना. बोलावते हं," म्हणाली आणि तिनं दार हळूच लावून घेतलं.

टकटक झाली.

"थांब रे काऊ, वेणी घालतेय!"

पुन्हा टकटक. मग म्हणे दूध उतू जातंय, मग म्हणे कडीच निघत नाही. बाबा भिंतीला टेकून खुशीत हसत उभे होते. आईनं दार उघडलं नाही.