वेठ बंद हाय हो!

मी एक जुनी हलगी आहे, मित्रांनो. आता शहरात, मुकुंदवाडीतल्या एका खोलीत खिळ्याला टांगलेली. कातडं सैल पडलंय. पण एकदा माझ्या आवाजानं आमच्या पाचोड गावचा अख्खा बाजार थांबला होता, ते तुम्हाला सांगायचंय.

शेळीचं कातडं, लोखंडी कडं आणि मला वाजवणाऱ्या बन्सीच्या बापाचे हात, यांतून माझा जन्म झाला. गवताच्या जाळावर शेकलं की मी खणखणायची. वरातीत नाचायची, पोळ्याला बैलांपुढं चालायची आणि गावभर दवंडी द्यायची. हुकूम कुणाचाही असो, तोंड माझं. त्यातला एक हुकूम मला नकोसा व्हायचा, तो वेठीचा. गावचे जमीनदार आप्पासाहेब, त्यांच्या रानात पीक आलं की आमच्या वस्तीतल्या घरटी एका माणसानं फुकट राबायला जायचं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, झेंडा बदलला. वेठ होती तिथंच.

मग पन्नास सालची सव्वीस जानेवारी उजाडली. शाळेपुढं वैजनाथ मास्तरांनी गावाला राज्यघटना समजावून सांगितली. प्रत्येक माणसाला मान आहे, आता कुणालाही वेठीला धरता येणार नाही. आप्पासाहेब पुढच्या खुर्चीवर होते. टाळी त्यांनीही वाजवली.

बन्सीनं हळूच विचारलं, "मास्तर, आमची बी वेठ बंद?"

"तुमचीच बंद, बन्सीराव."

राव! कुणाला हाक मारली म्हणून बन्सी मागं वळून बघायला लागला.

थोड्याच दिवसांत ज्वारी काढणीला आली. "बन्श्या, दवंडी दे. उद्या समदी रानात," आप्पासाहेबांनी सवयीनं फर्मावलं. बन्सीनं बांधावर मला वाजवायचं, म्हणून त्याच्या घरातून काढणीला बायको जायची, दगडाबाई. आणि दगडाबाई तर ओली बाळंतीण. कुशीत इवलीशी लेक.

"नाय म्हणलं तर दवंडीबद्दल मिळतं ते वर्षाचं धान्य बंद करतील," बन्सी म्हणाला.

"करू द्या. हात हायेत की आपल्याला. तोंड तुमचं, हलगी तुमची, मंग शब्द त्यांचाच कामून?"

बन्सी उठला. त्यानं मला शेकलं आणि भर बाजारात उभा राहिला.

"ऐका हो ऐका! आप्पासाहेबांच्या रानात काढणी हाय. यायचं त्यानं यावं, नाय त्यानं घरी बसावं. येईल त्याला मजुरी द्यावी लागंल. वेठ बंद हाय हो!"

अख्खा बाजार थांबला. मग भाजीवाली द्वारकाबाई ओरडली, "अरं, परत म्हण की! माझ्या म्हाताऱ्याला ऐकू नाय गेलं!"

लोक हसले. बन्सी परत म्हणाला, दुप्पट आवाजात. मीही अशी कडाडले, की समोरची कोंबडी टोपलीतून उडाली.

आप्पासाहेब तरातरा आले. "हे कुणी शिकवलं रे तुला?"

"झेंड्याखाली ऐकलं, मालक. तुमी बी व्हता की, पुढच्या खुर्चीवर."

दुसऱ्या दिवशी रानात कुणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाखरांनी तेवढी कणसं टिपली. मग आप्पासाहेब स्वतः वस्तीत आले आणि मजुरीचं बोलले. बन्सीचं धान्य त्या वर्षी बंद झालं ते झालंच. पण काढणीला माणसं आपल्या पायांनी गेली, आणि दगडाबाई घरी पाळण्याशी बसून गात होती:

माझ्या गं अंगणात, ऊन आलं पाळण्यात
कुणाच्या हुकमाला, नाही जागा या घरात

मित्रांनो, कायद्याचा शब्द आपण होऊन रानात जात नाही. कुणाच्या तरी तोंडून तो निघावा लागतो. तुम्हाला त्यातली दोन वाक्यं येत असली, तरी ती मोठ्यानं म्हणा. आणि तुमच्या दारी कामाला कुणी आलं, तर आधी त्याला बसायला सांगा. कामाचं मग बोला.