श्वास रोखून भरलेली हवा

मित्रांनो, मला उचलून पाहिलेत तर म्हणाल, हिच्यात तर काहीच नाही! मी काचेची एक जुनी कुपी आहे. फुटबॉलपेक्षा थोडी लहान, मानेला काचेचीच तोटी आणि पोटावर कोरलेला आकडा सतरा. आयुष्यभर मी हवा वाहिली. त्या हवेने शास्त्रज्ञांना जे सांगितले, ते पटायला त्यांना फार वर्षे लागली.

एका म्हाताऱ्या कारागिराने भट्टीपुढे बसून, लांब नळीतून फुंकर मारून मला फुगवले. माझ्या आधीच्या दोघी तोटी बसवताना तडकल्या होत्या, त्यामुळे तो वैतागला होता. मी नीट उतरले तेव्हा त्याने मला उजेडात धरून एकदा फिरवले आणि "चला, सुटलो!" म्हणून तो हात धुवायला गेला.

प्रयोगशाळेत माझ्या पोटातली सगळी हवा पंपाने ओढून काढत आणि तोटी बंद करत. मग भुशाच्या पेटीत घालून मला दूर समुद्रकाठच्या एका दीपगृहात पाठवत. तिथे कारखाना नव्हता, वस्ती नव्हती. समुद्रावरून येणारा वारा अगदी स्वच्छ, म्हणूनच ती जागा निवडली होती.

दीपगृहाच्या रखवालदाराला सगळे कप्तान म्हणत. होडीत पाऊल ठेवले की त्याला मळमळायचे, म्हणून हे नाव त्याच्या बायकोनेच पाडले होते. दर सोमवारी सकाळी तो मला घेऊन कड्याच्या टोकावर जायचा आणि वाऱ्याकडे तोंड करून उभा राहायचा. आपण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड वायू असतो, बाहेरच्या हवेपेक्षा शंभरपट जास्त. त्यातला थोडा जरी माझ्यात शिरला तरी सगळी मेहनत पाण्यात! म्हणून कप्तान छातीभर श्वास घ्यायचा, रोखून धरायचा, मला डोक्यावर उंच धरायचा आणि तोटी उघडायचा. सुस्स करून वारा माझ्या पोटात शिरायचा. तोटी बंद करून वीस पावले मागे आल्यावरच तो श्वास सोडायचा. तोवर चेहरा लालबुंद झालेला असायचा.

"घरात एवढा वेळ कधी गप्प बसला नाहीत!" बायको दारातून म्हणायची.

प्रयोगशाळेत माझी हवा एक तरुण शास्त्रज्ञ बाई मोजायच्या. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग आहेत, ते त्या शोधत. पहिल्या वर्षी आकडा तीनशे पंधराच्या आसपास होता. झाडांना पालवी फुटली की तो उतरायचा, पाने गळली की चढायचा. बाईंना त्याचे भारी कौतुक वाटे. पण दुसऱ्या वर्षी तो चढला थोडा जास्त आणि उतरला थोडा कमी. तिसऱ्या वर्षी तेच. चौथ्या वर्षीही तेच.

बाईंनी कपाटातून एक जुना लेख शोधून काढला. कोळसा जाळून हा वायू हवेत वाढत गेला तर पृथ्वी तापेल, असे गणित कुणीतरी साठ-सत्तर वर्षांपूर्वी मांडून ठेवले होते. पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता हा वायू पांघरुणासारखा अडवतो. लेखाची पाने एकमेकांना चिकटली होती. कितीतरी शास्त्रज्ञ तेव्हा म्हणत, एवढा मोठा समुद्र आहे, जास्तीचा वायू तो सहज पिऊन टाकेल.

प्रयोगशाळेचे मोठे साहेबही त्यांतलेच. बाईंचा तक्ता त्यांनी बाजूला सारला. "वायूबियू काही वाढत नाही. तुमचा तो दीपगृहवाला दमत चाललाय. कुपीतच श्वास सोडत असणार."

तशा अर्थाचे पत्र कप्तानाला गेले. तेव्हा मी त्याच्या टेबलावरच होते. त्याने पत्र दोनदा वाचले, घडी घातली आणि ताटावरून उठला.

"उलट लिहा ना त्यांना," बायको म्हणाली.

"काय लिहू? मी लबाड नाही, असं?"

पंधरा दिवसांनी बाई स्वतःच दीपगृहात आल्या. कप्तानाने मला त्यांच्या हातात दिले. "बाई, आज तुम्हीच भरा. मी तिकडे मागे थांबतो. माझा वारासुद्धा लागू देत नाही."

बाईंनी श्वास रोखला आणि मला भरले. मग त्यांच्या डोळ्यांदेखत कप्तानाने माझी बहीण, अठरा नंबरची कुपी, भरली. प्रयोगशाळेत परत आल्यावर बाईंनी आम्हा दोघींची हवा मोजली. आकडा एकच निघाला, आणि तो मागच्या वर्षीपेक्षा जास्त होता. बाईंनी यंत्र तपासून पुन्हा मोजले. मग दीपगृहाला फोन लावला. पलीकडून कप्तान इतका मोठ्याने बोलत होता की मलाही सगळे ऐकू येत होते.

"म्हणजे माझी चूक नव्हती ना, बाई?"

"नाही. तुमची नव्हती."

"बघ गं! सांगत नव्हतो तुला?" तो बायकोला म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. फोन ठेवून त्यांनी नवा आकडा वहीत लिहिला. मग स्वतःशीच म्हणाल्या, "त्यांची चूक असती तर किती बरं झालं असतं."

पुढे डोंगरमाथ्यांवरून, बेटांवरून, बर्फाळ प्रदेशांतून दुसऱ्या कुप्या आल्या. सगळ्यांची कहाणी एकच. शेजारच्या खोलीत तापमानाच्या नोंदी तपासणारे एक गृहस्थ बसत. बाईंनी विचारले की ते मान हलवायचे, "अजून काही सांगता येत नाही." असे म्हणता म्हणता वर्षे गेली. मग एका सकाळी ते आले आणि त्यांनी आपला तापमानाचा तक्ता बाईंच्या तक्त्याशेजारी ठेवला. दोन्ही रेषा वर चढत होत्या. खोल बर्फातल्या बुडबुड्यांत अडकलेली प्राचीन हवाही कुणी मोजली होती. लाखभर वर्षांत हा वायू कधीच एवढा नव्हता.

त्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या हाताने कप्तानाला माफीचे पत्र लिहिले. संशय घेतल्याला वीस वर्षे झाली होती. कप्तानाची छाती आता साथ देत नव्हती, मला त्याची बायको भरत असे. तिने अंथरुणाशी बसून पत्र वाचून दाखवले. कप्तानाने डोळे मिटून ऐकले आणि विचारले, "मग आता हे सगळं जाळणं थांबवतील ना?"

तिने पत्र उलटून मागची बाजू पाहिली. त्याबद्दल कुठेच काही लिहिलेले नव्हते.

बाईंनी मला मोठमोठ्या सभागृहांत नेले. लोक मला हातात घेत, टाळ्या वाजवत आणि आपापल्या गाड्यांत बसून निघून जात. तिकडे समुद्र कडा पोखरतच होता. दारापासून कड्यापर्यंतची वीस पावलांची वाट बारा पावलांवर आली. काही वर्षांनी कप्तान गेला. त्याच आठवड्यात त्याच्या बायकोने मला शेवटचे भरले. ती हवा बाईंनी मोजली नाही. माझ्यावर चिठ्ठी चिकटवली, 'राखीव, उघडू नये', आणि मला फळीवर ठेवले.

मग धातूच्या कुप्या आल्या, क्षणाक्षणाला आपोआप हवा मोजणारी यंत्रे आली. माझ्यापुढे खोकी रचली गेली. पस्तीस वर्षे मला कुणी हात लावला नाही.

गेल्या महिन्यात एका तरुण शास्त्रज्ञ मुलीला मी सापडले. नवे यंत्र पारखायला तिला जुनी हवा हवी होती. तिने बाईंना बोलावून घेतले. नव्वदीच्या बाई काठी टेकत आल्या आणि त्यांनीच माझी तोटी फिरवली. यंत्राने माझ्यातली हवा ओढून घेतली. पडद्यावर आकडा उमटला, तीनशे चोपन्न. शेजारच्या पडद्यावर त्या सकाळचा आकडा होता, चारशे सव्वीस.

"एवढा फरक?" मुलगी म्हणाली.

बाईंनी तिचे वय विचारले. ती म्हणाली, "पस्तीस."

"तुझ्या जन्मापासूनचा आहे तो," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

मित्रांनो, मी आता खरोखरच रिकामी आहे. मला पुन्हा भरा. तुमच्या काळातली हवा भरा, तारीख लिहा, जपून ठेवा. मधल्या वर्षांत जाळायचे ते कमी जाळा, आणि मोठ्यांनाही पुन्हा पुन्हा विचारत राहा की थांबवणार कधी. तुम्ही म्हातारे होऊन मला उघडाल, त्या दिवशी बाहेरचा आकडा माझ्या पोटातल्या आकड्यापेक्षा कमी निघायला हवा.

माझ्या उभ्या आयुष्यात तसे एकदाही झालेले नाही.