हलका केलेला बार

लाम्पुंग प्रांतातल्या एका वीटभट्ट्यांच्या गावात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुकिरान आजोबा पोरांना वजन उचलायला शिकवायचे. पोरं त्यांना एम्बाह, म्हणजे आजोबाच, म्हणत. नव्या पोराला ते आधी नुसता बांबू उचलायला लावत. पोरं कंटाळली की ते म्हणत, "थापलेली वीट आधी सावलीत वाळवतात. ओलीच भट्टीत घातली तर तडकते. तुमचं अंग झोपेत वाळतं, इथे नाही."

सोळा वर्षांची सेकार त्यांची लाडकी, कारण ती प्रश्न विचारायची. ती मुळात धावपटू. शाळेचे हेन्द्रो सर तिला संध्याकाळी मैदानावर पळवत: दोनशे मीटर जीव तोडून, थोडा दम खाऊन पुन्हा, आणि पुन्हा. पायांत जोर यावा म्हणून त्यांनीच तिला सकाळी एम्बाहकडे धाडलं होतं. निवड जवळ आली होती. त्यात पहिली आली तर प्रांताच्या क्रीडा वसतिगृहात राहणं, जेवण, शिक्षण फुकट. नाही आली तर आईबरोबर विटा थापायच्या.

एका सकाळी तिने केस वर बांधले, तेव्हा एम्बाहना तिची मान दिसली. मानेपासून पाठीवर लाल पट्टे उतरले होते. अंगात वारं शिरलं म्हणून आईने तेल लावून नाण्याने खरवडलेलं. गावात घरोघरी असंच वारं काढत, त्यात नवल नव्हतं. पण लाल पट्ट्यांखाली जुने, तपकिरी पट्टे होते आणि त्यांच्याही खाली आणखी जुने.

"रोज वारं काढते का गं आई?"

"रोजच. झोप लागत नाही ना, एम्बाह. पाय नुसते शिसं. पण बघा किती लाल आलेत, म्हणजे निघतंय सगळं."

"वाघीण झालीय," मागून एक पोरगा म्हणाला. "पट्टे आलेत, आता डरकाळी तेवढी राहिली." सगळे हसले, सेकारही हसली.

एम्बाहनी तिचं मनगट धरलं. अजून बारला हात लावला नव्हता, तरी नाडी धावत होती. हे वारं नव्हतं. दोन्हीकडून पिळलेल्या अंगाला विसावाच मिळत नव्हता.

हेन्द्रो सरांना सांगायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या शिष्याबद्दल त्याच्याच दारात जाऊन 'तुमचं चुकतंय' म्हणायचं, हे त्या गावात कोणी करत नसे. एम्बाह तळलेली केळी घेऊन गेले, पावसावर बोलले, सरांच्या मुलाची चौकशी केली आणि निघताना उंबऱ्यावरून म्हणाले की पोरगी जरा थकल्यासारखी वाटते. सरांनी आदराने मान लववली, लक्ष ठेवतो म्हणाले. बोलणं झालं, असं दोघांनाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी एम्बाहनी तिच्या बारच्या प्लेटा काढल्या. कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सरांना नाव ठेवल्यासारखं झालं असतं. एरवी प्रत्येक गोष्ट पोरांना तीनतीनदा समजावणारा माणूस, पण हीच एक गिळून बसला.

"चुकलं का माझं काही?" तिने विचारलं.

"नाही. आज एवढंच."

पुढे आठवडाभर एवढंच. मागे एका पोराला वाईट वाटू नये म्हणून एम्बाहनी असंच हळूहळू वजन उतरवत बाहेर काढलं होतं. सेकारने ते पाहिलं होतं.

पुढचं त्यांना नंतर कळलं. तिने रंगाच्या दोन डब्यांत सिमेंट ओतलं, मधे बांबू घातला, आणि मैदानावरून आली की भट्टीमागे ते खांद्यावर घेऊन उठाबशा काढायची. इकडे सरांना कळलं की सकाळचं वजन कमी झालंय. पाय ताजे असणार म्हणून त्यांनी धावण्याच्या फेऱ्या वाढवल्या.

एका संध्याकाळी ती मैदानातच बसली. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. आईने रात्रभर पाठ खरवडली. सकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली, तेव्हा इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, स्नायू फुटून रक्तात उतरलेत, त्याने मूत्रपिंडं तुंबलीत. जीव वाचेल. मूत्रपिंडांचं आत्ताच सांगता येत नाही.

एम्बाह खाटेशी बसले होते. सेकारचा चेहरा सुजला होता.

"वजन का काढलंत?"

"तू थकली होतीस म्हणून."

ती छताकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, मी नको झाले तुम्हाला."

एम्बाहनी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

तेवढ्यात हेन्द्रो सर संत्री घेऊन आले. आईची, एम्बाहची विचारपूस केली, रस्ता किती खराब झालाय ते सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "निवडीला अजून तीन आठवडे आहेत. तोवर होईल ना उभी?"

अशा वेळी हसून 'बघू' म्हणायचं असतं. एम्बाह तसे हसलेही.

"नाही," ते म्हणाले. "ती धावणार नाही, सर. तुम्ही तिकडून आणि मी इकडून, आपण दोघांनी मिळून मोडलं तिला."

सर हातातल्या पिशवीकडे बघत उभे राहिले. सेकारने भिंतीकडे तोंड फिरवलं. जमिनीवर बसलेल्या तिच्या आईने मान वर केली आणि एकदा या माणसाकडे, एकदा त्या माणसाकडे पाहिलं. वारं नव्हतं, हे तिला अजून कोणी सांगितलंच नव्हतं.