पत्र्याचा शोध

टवका मसुराच्या डाळीएवढा होता. त्यावर भिंग धरल्यावर त्याच्या कडेला रंगाचे थर वेगवेगळे दिसत होते: वर पारदर्शक लॅकर, खाली निळा, त्याखाली राखाडी प्रायमर. तळाशी चकाकणारा पत्रा नव्हता. तिथे काचेच्या तंतूंची टोकं उघडी पडली होती, झिजलेल्या ब्रशच्या केसांसारखी.

गाडी एका दंतवैद्यबाईंची होती. बॉनेट फायबरचं आहे, हे त्यांनी गाडी देतानाच सांगितलं होतं. पुढच्या कडेला खडे लागून असे बरेच टवके उडाले होते. रंग देण्याआधी ते भरायचं काम माझं होतं.

"उघडे तंतू पाणी ओढतात," मी त्यांना म्हटलं होतं. "आधी ते वाळवायचे, कडा घासून उतरत्या करायच्या, मग इपॉक्सी भरायची."

"म्हणजे किडलेला दात," त्या म्हणाल्या.

"तसंच."

दादा शेजारीच उभा होता. तो किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवत होता.

त्या जुडग्यात वडिलांचं चुंबक आहे. कुठलीही गाडी आली की दादा ते पत्र्याला लावतो. घट्ट चिकटलं तर पत्रा चांगला, सैल चिकटलं तर रंगाखाली पोचा बुजवलेली पुट्टी. वडील चुंबक लावायचे आणि मग विचार करायचे. दादाने त्यातला पहिला भाग उचलला.

गॅरेज आम्हा दोघांच्या नावावर आहे. मी रसायनशास्त्र शिकले, म्हणून रंगाची खोली माझ्याकडे आली. दादा थोरला, म्हणून बाकी सगळं त्याच्याकडे गेलं. वडील गेल्यापासून वाटणी हा शब्द मी तोंडात धरून होते, दाढेखाली खडा आल्यावर चारचौघांत थुंकता येत नाही तसा. आधी वहिनीचं बाळंतपण होतं, मग आईचं ऑपरेशन. कारणं संपली तरी मी गप्पच राहिले.

दुसऱ्या दिवशी इपॉक्सीत मिसळायचा हार्डनर संपला म्हणून मी दुकानात गेले. परत आले तर दारातच डोळे चुरचुरले. पेंट रिमूव्हर.

दादा बॉनेटवर वाकला होता. मधोमध रंग उकळल्यासारखा फुगून आला होता आणि तो पुट्टी भरायच्या पत्रीने जोर लावून खरवडत होता. मी भरलेले टवकेही त्यात गेले होते.

"बरी आलीस," तो मान वर न करता म्हणाला. "चुंबक कुठेच चिकटत नाही. आख्ख्या बॉनेटभर पुट्टी थापलीय कोणीतरी. तू आपली खालच्या पुट्टीवर वरून मलम लावत होतीस."

"दादा, ते फायबर आहे."

"फायबर बंपरला असतं. बॉनेटला कोण लावतं?"

"त्यांनी तुझ्यासमोर सांगितलं."

"गिऱ्हाईक काहीही सांगतं, शास्त्रज्ञबाई. थांब, पत्रा लागेलच आता."

तो आणखी खरवडू लागला. रिमूव्हरला रंग कुठे संपतो हे कळत नाही. खाली लोखंड असेल तर तो तिथे थांबतो; खाली फायबरचे तंतू बांधून ठेवणारं रेझिन असेल तर तेही मऊ करत आत शिरतो. त्याला दोष देता येत नाही, त्याला डोकं नसतं.

पत्रीखाली ओले, पांढुरके धागे सुटून आले. दादाने ते चिमटीत धरले, उजेडात पाहिले.

"पुट्टीत कापड पण घातलंय," तो म्हणाला.

मला हसूही आलं नाही.

तेवढ्यात दंतवैद्यबाई दारात आल्या. रंगाची छटा पाहायला मीच बोलावलं होतं. दादा पटकन सरळ झाला. "मॅडम, वाईट वाटतं सांगायला, पण तुमची फसवणूक झालीय. यात पत्राच नाही."

"नाहीच," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं होतं."

दादाने चुंबकाकडे पाहिलं, जणू दगा त्याने दिला होता. मग मनगटाने कान खाजवत हसला. "तेच ते. तपासून खात्री केली. दोन दिवसांत आरशासारखं करून देतो." माझ्या जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "प्रायमर मार यावर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

रिमूव्हर तंतूंमध्ये मुरला होता. वरून रंग दिला असता तर महिन्याभरात त्याला फोड आले असते, आणि बॉनेटची ताकद गेलीच होती.

"हे आता दुरुस्त होणार नाही," मी बाईंना म्हटलं. "रिमूव्हर आत गेलाय. आम्ही नवीन बॉनेट बसवून देऊ. चूक इथे झालीय."

त्यांनी ओल्या धाग्यांवरून बोट फिरवायला हात पुढे केला, मी अडवला; रिमूव्हरने कातडी भाजते, आणि त्यांच्या हातात दादासारखे रबरी मोजे नव्हते.

"डोकं फिरलंय का तुझं?" दादा म्हणाला. "बाहेरच्या माणसासमोर? अगं, आपलं गॅरेज आहे हे. एवढं कळत नाही तुला?"

त्याच्या मुठीत ते धागे अजून होते. ते नेमके कशाचे, हे त्याने अजूनही विचारलं नव्हतं.

"दादा, वाटणी करू या," मी म्हणाले. "रंगाची खोली माझी. चुंबक तू ठेव."