वहिनींच्या कानातले बोळे

नवऱ्याचे कान फुंकल्याचा आळ बहुतेक बायकांवर कधी ना कधी येतोच. वहिनींच्या घरी उलटं होतं. त्यांचे यजमान वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवत आणि वहिनींची व्हायोलिनची खुर्ची नेमकी त्यांच्या पुढ्यात. म्हणजे रोज तालमीत नवराच बायकोचे कान फुंकत होता, तेही हातभरावरून, पितळेच्या तोंडाने.

वाद्यवृंदाचे संचालक वहिनींचे धाकटे दीर. घरात शेंडेफळ, मंचावर मात्र थोरल्या भावाला काठीच्या टोकावर नाचवत. त्यांना ट्रम्पेट कायम कमीच ऐकू यायचं. "दादा, जेवला नाहीस का? फुंक की जरा." दादा फुंकायचे. वहिनींचं डोकं गरगरायचं.

पुढे पुढे त्यांच्या डाव्या कानात रातकिडा येऊन बसला. तालीम संपली तरी तो गप्प बसेना. देवापुढे डोळे मिटले की आणखीच चेकाळायचा. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "गेलं ते परत यायचं नाही. उरलंय ते सांभाळा." त्यांनी कानाच्या मापाचे मऊ बोळे करून दिले, आवाज बंद न करता फक्त उतरवणारे, आणि बजावलं, "आधी त्या ट्रम्पेटच्या तोंडासमोरून उठा."

वहिनींनी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "मला कशाला सांगतेस? त्याला सांग."

दिरांना सांगितलं, तर ते दुखावलेच. "माझ्या वाद्यवृंदात कानात बोळे? मी काय गिरणी चालवतो, वहिनी? आणि तुमची खुर्ची हलवली तर सगळी मांडणी विस्कटेल."

वहिनींना वाद घालता येत नसे. त्यांनी केस कानांवरून घेतले आणि आत बोळे घातले. रातकिडा काही गेला नाही, पण निदान त्याचं बिऱ्हाड वाढायचं थांबलं.

एका तालमीत सगळे रंगात आलेले असताना दीर मध्येच म्हणाले, "व्हायोलिन, थांबा." सगळे थांबले. वहिनी तल्लीन होऊन एकट्याच वाजवत राहिल्या.

दिरांनी काठी आपटली. "वहिनी, कानात बोळे घातलेत का?"

आता हा प्रश्न काही उत्तर देण्यासाठी नसतो. मान खाली घातली की भागतं. पण खोटं बोलायचं नाही हा वहिनींचा रोजचा नेम, आणि विचारल्यावर गप्प राहणंही त्या खोट्यातच धरत.

"हो, भावजी," त्या हळूच म्हणाल्या.

सगळा वाद्यवृंद हसायला लागला. शेजारची व्हायोलिनवाली कुजबुजली, "तुम्हालाही टोला हाणता येतो की, वहिनी."

दीरही हसू दाबत म्हणाले, "अहो, मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही." वहिनींनी बोळे काढून तळहातावर धरले.

हसू विरलं. दिरांचा चेहरा पडला. "दादा, तू तरी समजाव."

दादा ढिम्म. त्यांच्या मागून ड्रमवाले म्हणाले, "त्यांना नाही ऐकू जायचं, साहेब. माझ्यापुढे बसायला लागल्यापासून त्यांच्याही कानात आहेत."

सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून दादांनी एक बोळा काढला. "काय म्हणतोय तो?"

वहिनींनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग खुर्ची उचलली आणि ती पार कडेला, चेलोवाल्यांच्या शेजारी नेऊन ठेवली.

"ती जागा तुमची नाही, वहिनी."

"कान माझे आहेत, भावजी."

आणि त्या तिथेच बसल्या. चारचौघांत घरचं भांडण काढायची सोय नव्हती. दिरांनी मुकाट काठी उचलली.

तुकडा संपला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "आज ट्रम्पेट कसं स्वच्छ ऐकू आलं. इतके दिवस मध्ये काहीतरी आड येत होतं. मांडणी कुठे बदलायला हवी ते मला दिसतच होतं. आता हीच कायम ठेवू." मध्ये वहिनींचं डोकं आड येत होतं, हे कोणी बोललं नाही. "दादा, आता तू बेताने फुंकलंस तरी चालेल."

दादांनी बोळा पुन्हा कानात सरकवला होता. ते पहिल्यासारखेच गाल फुगवून फुंकत राहिले, थेट धाकट्या भावाच्या तोंडावर.