डाएटवरची नवरी

ब्रह्मपुरीत सुरय्याच्या तोंडाला लागायची कोणाची हिंमत नव्हती. पण घरात मुलीच्या दुखण्याचा विषय निघाला की तिचा आवाज पार खाली जाई. मदीहाला तेराव्या वर्षापासून शुगर. म्हाताऱ्यांना होते तसली नाही, तिच्या शरीरात इन्सुलिन बनतच नव्हतं. दिवसातून चारदा सुई टोचावी लागे. नऊ वर्षं सुरय्यानं गल्लीला पत्ता लागू दिला नाही. आता बल्लारपूरचा अकरम जावई व्हायचा होता आणि त्याच्या घरीही तिनं तोंड शिवूनच ठेवलं होतं.

"अम्मी, सांगून टाक न एकदाचं," मदीहा म्हणे. "निकाहानंतर का मी लपूनछपून टोचत बसू?"

"निकाह तर होऊ दे, बाई! सुईवाली पोरगी कोण करते?"

खरी पंचाईत हळदीची होती. अकरमच्या घराण्याची रीतच तशी. हळद घेऊन मुलाची फुफी, म्हणजे आत्या, यायची आणि पाच दिवस नवरीच्या खोलीतच मुक्काम ठोकायची. नवरी एकटी म्हणून सापडायची नाही. सुई टोचायची कुठं?

वाट दाखवली मुबीननं. सुरय्याच्या बहिणीचा हा पोरगा. बसस्टँडजवळ जिम, त्यातच डाएटचा क्लास. भात, पोळी, साखर बंद. अंडी, मटण, पनीर हाणा. धानाच्या मुलखात भात सोडायला सांगणारा हा पठ्ठ्या, पण माणसं रांग लावत. रोज सकाळी सगळ्यांनी लघवीत चरबी जळल्याची खूण दाखवणारी कागदी पट्टी बुडवायची, तिचा फोटो ग्रुपवर टाकायचा. पट्टी जितकी जांभळी तितक्या टाळ्या.

"खाला, साखर पोटात गेलीच नाई, तर सुई कायले पायजे?" मुबीन म्हणाला. बारावी नापास, पण बोलणं डॉक्टरला लाजवेल असं.

सुरय्याला ते पटलं. बिमारी म्हटलं की लोक नाक मुरडतात, डाएट म्हटलं की क्लासचा पत्ता विचारतात. तिला हवं होतं तेच हातात आलं.

पंधरा दिवस मदीहानं भात सोडला. इन्सुलिन निम्म्यावर आलं तरी मशीनवर साखरेचा आकडा छान येई. पोरगीही खूश झाली. तेवढं खरंच होतं, आणि तेवढ्या खऱ्यानंच घात केला. हळदीच्या सकाळी सुरय्यानं फ्रिजमधलं सगळं इन्सुलिन उचललं आणि भावाच्या घरी नेऊन ठेवलं.

"अम्मी, कमी घेनं अलग, बंद करनं अलग. मले काई झालं तर?"

"पाच दिवस फक्त. काऊन अशुभ बोलून राह्यली?"

फुफी आली. मलिद्याचा घास तिनं नवरीच्या तोंडाशी नेला, तशी सुरय्या लगबगीनं म्हणाली, "बाई, डाएटवर हाय ती."

"अगं बाई! आमच्या अकरमलेही लावा. पोट सुटून राह्यलं त्याचं," म्हणत फुफीनं कौतुकानं घास स्वतःच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मदीहा तांब्यावर तांबे पाणी पिऊ लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी उलट्या, धाप, आणि तोंडाला सडक्या फळासारखा वास. सुरय्यानं स्वयंपाकघरात जाऊन मुबीनला फोन लावला. त्यानं पट्टीचा फोटो मागितला. पट्टी काळपट जांभळी.

"वा खाला, एक नंबर! चरबी जळून राह्यली तिची. उलटी होतेच सुरुवातीले. निंबू-मीठ पाजा."

फोटो ग्रुपवर गेला. टाळ्या पडल्या. आणि सुरय्याला काय ठाऊक नव्हतं? उलटी आणि धाप लागली की थेट दवाखाना, हे डॉक्टरांनी नऊ वर्षं तिच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. सगळं ठाऊक होतं हो! पण फुफी खोलीत बसून होती ना. सुरय्यानं निंबू पिळलं.

दुपारी नवाब, मदीहाचा बाप, दुकानातून जेवायला आला. पोरीनं त्याला ओळखलंच नाही. पिवळ्या कपड्यांतच तिला उचलून त्यानं ऑटोत घातलं.

दोन दिवसांनी मदीहानं डोळे उघडले. नाकावर मास्क, दोन्ही हातांना सलाईन. डॉक्टरीणबाई फाइल घेऊन आल्या. पलंगाच्या एका बाजूला आईबाप, पायथ्याशी फुफी.

"रक्ताचं अ‍ॅसिड झालं होतं पोरीच्या," बाई तडकल्या. "चांगल्या माणसानं भात सोडला तर त्याचं स्वतःचं इन्सुलिन चरबी जळण्याले लगाम धरून असते. हिच्यात ते बनतेच नाई! भात कमी केला तर डोस कमी होईल, बंद कसा होईल? अजून एक तास उशीर झाला असता, तर तिले जिवंत घरी नेता आलं नसतं. कोणी बंद केलं इन्सुलिन?"

नवाब बायकोकडे पाहू लागला. त्यालाही ठाऊक नव्हतं. फुफीही तिच्याकडेच पाहत होती.

दुखणं तर आता फुफीपुढं उघडं पडलंच होतं, दोष कोणाचा एवढंच उरलं होतं. खरं ओठांपर्यंत आलं होतं, पण फुफीची नजर हटेना.

"तिनंच," ती म्हणाली. "आमाले कोनालेच न सांगता."

मदीहानं आईकडे पाहिलं, बराच वेळ. मग सलाईनचा हात कसाबसा उचलून मास्क बाजूला केला.

"हो," ती म्हणाली. "मीच बंद केलं."

"भारी आगाऊ पोरगी हाय बाई," फुफी पिशवी उचलत म्हणाली. "मायबापालेही जुमानत नाई."

सुरय्यानं मान हलवली, होकाराची.